मिंगावचा उजवा पाय

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी लिंबाचं लोणचं भरत होते. "तुम्ही यूकेत फुटबॉलपटूंबरोबर काम केलंत ना? मग येऊ द्या की आतल्या गोष्टी! गाड्या, बंगले, बायका..." मी म्हटलं, बाई, सोळा वर्षं मी त्यांचे पाय बघितले. तोंडं त्या मानाने कमीच. पायांबद्दल लिहिलं तर चालेल? त्या म्हणाल्या, "बघा, पण रंजक करा हं." करते. पण आधीच सांगून ठेवते, फुटबॉलपटूचा पाय ही काही बघत बसण्यासारखी वस्तू नाही. नखं काळीनिळी, बोटं एकमेकांवर चढलेली, घोट्याचा आकार दर शनिवारी वेगळा. ज्या पायांच्या नावाने लोक घसा फोडून गाणी म्हणायचे, ते सकाळी आठ वाजता माझ्या टेबलावर आले की मी आधी खिडकी उघडायची.

मी फिजिओथेरपिस्ट. माझ्या पुण्याच्या सासूबाईंना हा शब्द कधी जमला नाही, आणि जमला असता तरी त्यांनी तो वापरला नसता. सून परदेशात पुरुषांचे पाय चोळते हे कुणाला सांगणार? त्या शेजारणींना "ती हॉस्पिटलात असते" असं सांगायच्या. ते पहिली दहा वर्षं खरंही होतं. एडिनबराच्या एका मोठ्या हॉस्पिटलात माझा नवरा मिलिंद भूल द्यायचा आणि मी गुडघे बदललेल्या आज्यांना जिने चढायला शिकवायची. मग शहराबाहेरच्या एका फुटबॉल क्लबाचा फिजिओ अचानक सोडून गेला आणि त्यांनी हॉस्पिटलात विचारणा केली. दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून मी गेले.

मुलाखत मॅनेजरने घेतली. फुटबॉलात मॅनेजर म्हणजे कोच, सासरा आणि पोलीसपाटील, सगळं एकच. खेळाडू त्याला 'गॅफर' म्हणतात. त्याने मला एकच प्रश्न विचारला, "आमच्या इथली भाषा जरा घाण असते. चालेल ना?" मी म्हटलं, मी कोल्हापूरची आहे. त्याला काही कळलं नाही, पण नोकरी दिली.

त्याला कळायला हवं होतं. आमच्या पेठेत पोरं चालायला लागायच्या आधी बॉल लाथाडतात. दोन तालमींच्या टीमची मॅच असली की घराघरांतून बोलणं बंद व्हायचं. एका मावशीचं सासर पलीकडच्या पेठेत, तर ती मॅचच्या आठवड्यात माहेरी पाऊल टाकायची नाही. त्यामुळे स्कॉटलंडमधले लोक फुटबॉलपायी खुळे आहेत, हे मला कुणी नव्याने सांगावं अशातला भाग नव्हता. अख्खं स्टँड शिट्ट्या मारायचं मी मैदानात धावले की. चाळिशीची बाई, अंगात दोन मापं मोठा ट्रॅकसूट, हातात बर्फाची पिशवी. शिट्ट्या मारायला काय दिसत होतं यांना, देव जाणे.

पण गॅफरची एक रीत मात्र मी पेठेतसुद्धा बघितली नव्हती. तो जखमी खेळाडूशी बोलायचा नाही. म्हणजे रागाने नव्हे. तो माणूस त्याच्या लेखी असायचाच नाही. ड्रेसिंग रूममध्ये एक पांढरा बोर्ड होता, त्यावर प्रत्येकाच्या नावाची लोहचुंबकाची पट्टी. दुखापत झाली की गॅफर ती पट्टी उचलून उजव्या कोपऱ्यात खाली नेऊन लावायचा. पोरं त्या कोपऱ्याला स्मशान म्हणायची. स्मशानातल्यांनी सगळ्यांच्या आधी यायचं, सगळ्यांच्या नंतर जायचं आणि कॅन्टीनमध्ये बाकीचे उठल्यावर जेवायचं. कॉरिडॉरमध्ये समोरासमोर आले तर गॅफर त्या पोराच्या डोक्यावरून मला विचारायचा, "याचं कसं आहे?" पोरगं कुबड्यांवर तिथेच उभं. ते म्हणायचं, "बरं आहे, गॅफर." गॅफर मला विचारायचा, "काय म्हणतोय?" आणि मी सांगायची, "बरं आहे म्हणतोय." मला आधी वाटलं, थट्टा करतोय. पहिल्या महिन्यातच कळलं की नाही, हा याचा शास्त्रोक्त उपचार आहे. असं वाळीत टाकलं की हाडं लवकर जुळतात अशी त्याची ठाम समजूत होती.

याचा परिणाम काय व्हायचा ते सांगते. पोरं दुखणं लपवायची. हॉस्पिटलात माणसं नसलेलं दुखणं सांगतात, इथे असलेलं सांगत नाहीत. मला टेबलावरचा पाय दाबत दाबत चेहऱ्याकडे चोरून बघावं लागायचं. अशा चोऱ्या पकडण्यात माझा हात कुणी धरला नसता. त्याचा मला चांगलाच माज होता, खोटं कशाला बोलू?

अशात एका उन्हाळ्यात आमच्या क्लबाने ब्राझीलचा खेळाडू आणला. त्याचं खरं नाव पाच शब्दांचं होतं. पण लहानपणी हाडकुळा होता आणि आजी धरून धरून लापशी भरवायची, म्हणून सगळे त्याला लापशीच्या त्यांच्याकडच्या नावाने हाक मारायचे : मिंगाव. आपल्याकडच्या एखाद्या एसटी स्टँडची पाटी वाटावी असं नाव. वय अठ्ठावीसच्या घरात. ब्राझीलमधल्या छोट्या क्लबातून पोर्तुगालच्या दुय्यम लीगमध्ये, तिथून बेल्जियम, पुन्हा पोर्तुगाल, मग आमच्याकडे. युरोपात खेळणारा ब्राझिलियन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जे येतं ना, त्यातलं याच्याकडे काही नव्हतं. हा मधल्या फळीत उभा राहून समोरच्याच्या पायातला बॉल काढून घ्यायचा आणि तो पाच पावलांवरच्या आपल्या माणसाला द्यायचा. बस. गवंड्यासारखा सरळ, कंटाळवाणा, पक्का खेळ. मला तो पहिल्याच दिवशी आवडला.

क्लबाला तसं चालणार होतं थोडंच! पहिल्या मॅचला त्यांनी ग्लासगोहून सांबाचा बँड मागवला. आडवा पाऊस, बोचरा वारा, आणि पिसांचे मुकुट घातलेल्या चार स्कॉटिश पोरी निळ्या पडेपर्यंत नाचल्या. प्रेक्षकांनी पिवळ्या टोप्या घातलेल्या. मिंगाव दर रविवारी सहकुटुंब प्रार्थनेला जाणारा, कधी बिअर न प्यालेला माणूस. त्याला नाचता येत नव्हतं. दुसऱ्या मिनिटाला त्याने एका गड्याला स्वच्छ आडवा केला आणि बॉल मागे दिला. माझ्या मागचा म्हातारा ओरडला, "अरे, हा खरा ब्राझीलचा आहे का बघा, पैसे परत घ्या!"

आमच्या मराठी मंडळींचंही तेच. संक्रांतीच्या कार्यक्रमाला मंडळाच्या अध्यक्षांनी मला गाठलं, "वहिनी, तुमच्या त्या ब्राझिलियनला आणा की. बॉल डोक्यावर नाचवून दाखवेल का?" मी म्हटलं, तो डॉल्फिन नाही. तरी तो आला बिचारा, बायको रोझाना आणि सहा वर्षांच्या लुआनाला घेऊन. तिळगूळ खाल्ला, सगळ्यांना वाकून नमस्कार केला. माझी लेक ईशा तेव्हा तेरा वर्षांची, जन्म एडिनबराचाच. सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, "आई, हा प्रॉपर ब्राझिलियन आहे ना? मग त्याची एक पण गोल का नाही झाली?" हॉलमध्ये हशा पिकला. मिंगावने मला अर्थ विचारला. मी म्हटलं, तुझं कौतुक चाललंय.

आमचं दोघांचं जमलं ते मात्र त्याच्या हरवलेल्या किल्लीमुळे. तो माझ्या खोलीत खिसे उलटेपालटे करत स्वतःशी काहीतरी पुटपुटत होता, त्यात मला 'शावी' ऐकू आलं. मी म्हटलं, चावी? तो उडालाच. मग तासभर आमचा खेळ चालला. साबण, बटाटा, मेज, पाव. पोर्तुगीज लोक आमच्या किनाऱ्यावर जे सांडून गेले ते सगळं मी त्याच्यापुढे मांडलं. दारातून बघणाऱ्या सहायक कोचने जाऊन जाहीर केलं की फिजिओला पोर्तुगीज येतं. झालं! त्या दिवसापासून मी क्लबाची अधिकृत दुभाषी. वर्तमानपत्रवाल्यांसमोरसुद्धा मला त्याच्या शेजारी बसवायचे. तो मोडक्या इंग्रजीत बोलायचा आणि मी तेच नीट इंग्रजीत बोलायची. सगळे मान डोलवायचे. मिंगाव मला 'दोतोरा' म्हणायचा. म्हणजे डॉक्टरीण. मी डॉक्टर नाही, हे मी त्याला एकदाही सांगितलं नाही. घरात खरा डॉक्टर असलेल्या बाईला त्यात काय सुख असतं, ते ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आता मुद्द्यावर येते. मार्च संपत आला होता. सकाळी आठला तो आला, टेबलावर बसला आणि म्हणाला, "थोडं दुखतं, दोतोरा. बूट लागतो." उजवा पाय. करंगळीच्या मागे, पावलाच्या बाहेरच्या कडेला एक लांब हाड असतं. मेटाटार्सल म्हणतात त्याला. त्या वर्षांत इंग्लंडचा एक मोठा खेळाडू मोडून बसला की हा शब्द पेपरच्या पहिल्या पानावर यायचा, त्यामुळे बसचा ड्रायव्हरसुद्धा तो बिनचूक म्हणायचा. गर्रकन वळताना सगळा भार त्या हाडावर येतो. रोज रोज भार आला की आधी त्याला केसासारखी चीर जाते. तेव्हाच सहा-आठ आठवडे पाय टेकला नाही तर हाड जुळतं आणि माणूस पुढे दहा वर्षं खेळतो. चीर घेऊन खेळला तर एक दिवस ते काडीसारखं तुटतं, मग स्क्रू घालावा लागतो, आणि तिथे रक्तपुरवठा इतका कमी की कित्येकांचं पुन्हा धड जुळतच नाही. एवढं सगळं मला पाठ होतं.

मी अंगठ्याने दाबलं. तो हूं की चूं करेना, पण पायाची बोटं आत वळली. मला कळलं. मला कळलं हे त्यालाही कळलं.

"बोर्डावर नाही, दोतोरा. प्लीज."

मी झापलं त्याला. मरायचंय का, म्हटलं. एमआरआय काढायचा, आजच. तेव्हा त्याने परमिटचं सांगितलं. आपल्या आयटीवाल्या पोरांना लागतं तसं त्यालाही वर्क परमिट लागायचं. ते हंगामापुरतंच होतं, आणि वाढवून मिळायचं तर क्लबाच्या ठरावीक इतक्या मॅचेस तो खेळलेला असायला हवा होता. त्याला चार कमी पडत होत्या, आणि हंगामात राहिल्या होत्या पाच. स्मशानात गेला की परमिट गेलं. मुलीची ही चौथी शाळा होती. बेल्जियममध्ये ती वर्षभर शाळेत एक अक्षर बोलली नव्हती. इथे सहा महिन्यांत अशी स्कॉटिश बोलायला लागली होती की आई-बापाला समजत नव्हतं. "पहिल्यांदा ती म्हणते, माय स्कूल," तो म्हणाला. "चार मॅच, दोतोरा. मग मी सहा महिने झोपतो."

मी फोन उचलून डॉक्टरला सांगायला हवं होतं. क्लबाचा डॉक्टर फक्त मॅचच्या दिवशी यायचा, पण फोनवर होता. मी तो उचलला नाही. का, ते इतक्या वर्षांनी सरळ सांगते. लुआनाची दया आली हे खरं, पण तेवढंच नाही. माझा थोरला भाऊ पेठेच्या टीमकडून फायनल खेळला होता तो मोडक्या अंगठ्याने. आईने हळद आणि चुना लावून फडकं बांधलं, तो खेळला, जिंकले, आणि गल्लीने त्याला खांद्यावर घरी आणलं. मी तेव्हा दहा वर्षांची. त्या मिरवणुकीपुढे मी नाचले होते. ती पोरगी फिजिओथेरपीची डिग्री घेऊन, इंग्लंडातल्या परीक्षा पास होऊनसुद्धा माझ्यात तशीच बसली होती. मिंगाव 'चार मॅच' म्हणाला आणि मला वाटलं, वा रे गडी! हा झाला खेळाडू! गॅफरला मी मनातल्या मनात रोज अडाणी म्हणायची. त्या सकाळी मी त्याच्याहून काही वेगळी नव्हते.

शिवाय मला वाटलं, मी करीन निभावून. मी आहे ना.

मी ट्रीटमेंट बुकात लिहिलं : उजवा पाय, बुटामुळे फोड. त्याच्या बुटात कार्बनचा पातळ, कडक तळवा बसवला, म्हणजे पाऊल वाकायला नको. बाहेरच्या कडेला पट्ट्यांचं असं काम केलं की कॉलेजात कुणी दाखवलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. सराव कमी ठेवला. दर वेळी फोडाचं कारण. पहिली मॅच झाली. दुसरी झाली. तिसऱ्या मॅचनंतर गॅफरने सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "हा बघा! एवढासा फोड, पण रडला नाही. नाहीतर तुम्ही, राजकन्या सगळ्या!" स्मशानातले दोघे मान खाली घालून ऐकत होते.

मिलिंदला मी जेवताना सांगितलं, जरा फुशारकीनेच. तो पुण्याचा, कधी आवाज चढवत नाही. त्याने ताकाचा पेला खाली ठेवला आणि विचारलं, "स्कॅन काढायचा नाही हे त्याने ठरवलं की तू?" मी चिडले. तुला खेळातलं काय कळतं, असं म्हणून ताट उचलून आत गेले.

चौथी मॅच घरच्याच मैदानावर होती, गुणतक्त्याच्या तळाला असलेल्या टीमशी. दुसऱ्या हाफमध्ये मिंगाव बॉल घेऊन वळला. जवळपास कुणी नव्हतं. मला बेंचपर्यंत आवाज आला, असं मी पुढे कित्येक वर्षं सांगत आले. खरं म्हणजे एवढ्या गलक्यात आवाज येणं शक्यच नव्हतं. मी त्याला पडताना बघितलं, एवढंच. मी धावले, शिट्ट्या झाल्या. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी वाकले तर म्हणाला, "ही धरतात ना, दोतोरा? अर्धी खेळलो, तरी धरतात?"

धरतात, म्हटलं. आणि ती धरलीही. आकडा भरला. नियमात तो बसला.

फक्त एक गोष्ट आमच्या दोघांच्याही डोक्यात कधी आली नव्हती. परमिटसाठी अर्ज खेळाडू करत नाही. क्लब करतो.

पुढच्या मंगळवारी कॉरिडॉरमध्ये गॅफर आला. पट्टी कोपऱ्यात गेलेली होतीच. मिंगाव माझ्या शेजारी कुबड्यांवर उभा, पायाला पोटरीपर्यंत प्लास्टिकचा बूट. मोठ्या हॉस्पिटलचा रिपोर्ट आला होता आणि त्यात स्वच्छ लिहिलं होतं की चीर निदान महिन्याभरापूर्वीची आहे. गॅफरने मला विचारलं, "याने तुला आधी काही सांगितलं होतं?"

नोकरी जाणार होती, नोंदणी जाणार होती, फिजिओ म्हणून पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात मिंगावच म्हणाला, "नाही सांगितलं. मी बोललो फोड. दोतोराला माहीत नाही."

गॅफरने त्याच्याकडे बघितलंही नाही. "काय म्हणतोय?" त्याने मला विचारलं.

आणि मी सांगितलं. नीट, स्वच्छ इंग्रजीत. "तो म्हणतो, त्याने मला सांगितलं नव्हतं."

बस, एवढंच. दुभाष्याचं काम केलं मी. गॅफर मान हलवून निघून गेला. आठवड्याभरात क्लबाचं पत्र आलं. खेळाडूने दुखापत लपवली, सबब क्लब परमिट वाढवण्यासाठी अर्ज करणार नाही. मला मात्र त्या उन्हाळ्यात बढती मिळाली. हेड फिजिओ.

ते निघाले त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या फ्लॅटवर गेले. खोकी बांधून झाली होती. लुआना एका खोक्यावर शाळेचा स्वेटर घालून बसली होती. शाळा सुटली होती तरी काढायला तयार नव्हती. तिने मला त्या ठसक्यात विचारलं, नव्या गावातली शाळा इंग्लिश बोलते का? मी म्हटलं, मला माहीत नाही गं बाळा. रोझाना आतून आली आणि मला घट्ट मिठी मारली. रडत होती. मग नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मूर्ख आहे हा. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही थांबवलं असतं त्याला. तुम्ही एकट्याच त्याची काळजी करत होता." मिंगाव लुआनाच्या बुटाची लेस बांधत होता. त्याने वर बघितलं नाही. मी रोझानाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

तो पोर्तुगालला गेला. हाड नीट जुळलं नाही, स्क्रू दोनदा घातला. नंतर एका छोट्या क्लबात बदली म्हणून काही मॅचेस खेळला आणि तिशी उलटताच खेळणं सुटलं. आता ब्राझीलमध्ये त्याच्या गावी टायरचं दुकान आहे. दर नाताळात त्याचा मेसेज येतो. त्याने कधी तो विषय काढला नाही, रोझानालाही काही सांगितलेलं नाही. पाय दुखला की ती अजून त्यालाच बोलते, असं त्याने एकदा हसण्याचं चित्र टाकून लिहिलं होतं.

मी त्यानंतर अकरा वर्षं त्या क्लबात होते. पुष्कळ पोरांना मी वेळेवर खेळण्यापासून अडवलं, भांडून, ओरडून, कोल्हापुरी शिव्या देऊन. लोक म्हणायचे, ही बाई फार कडक. निरोपाच्या दिवशी भाषण करताना चेअरमननी माझ्या सचोटीचा उल्लेख केला. मी टाळ्या घेतल्या.

आता निवृत्त झालेय. नोंदणी मी स्वतःहून संपवली, आता कुणी काही करू शकत नाही. गॅफर जिवंत आहे, रोझानाचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. संपादकबाई म्हणाल्या, इतकी वर्षं झाली, आता लिहायला काय हरकत आहे? खरंच, काही नाही. लिहिलं बघा सगळं. मराठीत लिहिलं, कारण त्यांच्यापैकी कुणालाच मराठी येत नाही.